पालिकेची नोटीस आणि शासनाचा शब्द

साहित्याच्या अभ्यासकांसाठी निघणाऱ्या नियतकालिकात महापालिकेच्या नोटिशीविषयी लिहावे काय, असा आक्षेप कोणी घेतील. परंतु नोटीस हेही एक लेखनच आहे. सामान्य नागरिकाच्या हाती शासनाचे जे लेखन पडते, ते पुष्कळदा एवढेच असते. त्या लेखनावर त्याचा विश्वास उरला आहे की नाही, हा प्रश्न जितका कारभाराचा तितकाच भाषेचाही आहे.

रायपुरातील पंडरी हा भाग कापडाच्या घाऊक बाजारासाठी प्रसिद्ध आहे. शहराचे जुने बसस्थानकही येथेच होते. 2021 मध्ये ते भाटागावास गेले आणि बसगाड्यांचा भार उतरला. दुकानांपुढे उभ्या राहणाऱ्या वाहनांचा प्रश्न मात्र उरला. बांधकामाची परवानगी, मोकळी सोडावयाची जागा, वाहनतळ यांविषयी नियम नाहीत असे नाही. मूळ मध्य प्रदेशाचा 1956 चा महापालिका अधिनियम छत्तीसगडात आजही लागू आहे आणि बेकायदा बांधकाम थांबविण्याचा व पाडण्याचा अधिकार त्याने पालिकेस दिला आहे. उणीव आहे ती दिलेला शब्द शेवटास नेण्याची.

याचे एक कारण कायद्यातच आहे. छत्तीसगडात अनधिकृत विकास नियमित करणारा अधिनियम 2002 साली झाला आणि 2022 च्या दुरुस्तीने त्याचा लाभ पुढील बांधकामांनाही मिळाला. व्यापारी इमारतीत वाहनतळाची जागा कमी असेल, तर तिच्यापोटी रक्कम भरण्याची सोय त्यात आहे. भरलेल्या रकमेने तिजोरीत भर पडते, पण रस्ता एका हातानेही रुंद होत नाही. ज्याने नियम पाळून जागा मोकळी सोडली, तो मात्र मूर्ख ठरतो. पुढची नोटीस येते तेव्हा शेजारी ती आदेश म्हणून वाचत नाही. भावी शुल्काची पूर्वसूचना म्हणून वाचतो.

नियमितीकरण ही गरिबावरील दया आहे, असे त्याच्या समर्थनार्थ सांगितले जाते. दोन खोल्यांच्या राहत्या घरापुरते ते मला मान्य आहे. पण बाजारात दया कोणाच्या वाट्याला येते, हे पाहावे. सर्वोच्च न्यायालयाने 13 नोव्हेंबर 2024 रोजी बांधकाम पाडण्यापूर्वी पंधरा दिवसांची नोटीस आवश्यक ठरविली. रस्ता वा पदपथ यांवरील अनधिकृत बांधकामांना मात्र हे संरक्षण नाही. फेरीवाल्यास हटविण्यापूर्वी तीस दिवसांची नोटीस द्यावी, असे 2014 चा पथविक्रेता कायदा सांगतो; परंतु आपल्या शहरांतून हातगाडी उचलताना त्याची आठवण क्वचितच होते. पक्क्या इमारतीच्या मालकास नोटीस, सुनावणी, अपील आणि अखेरीस नियमितीकरण. हातगाडीवाल्यास त्याच दुपारी जप्ती. अंमलबजावणी कडक करा, अशी मागणी करणाऱ्यांनी प्रथम ही विषमता ध्यानात घ्यावी.

आपल्या परंपरेत याविषयीचा विचार झालेला आहे. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात नगराधिकाऱ्याचे प्रकरण आहे. गल्लीत केरमाती टाकणाऱ्यास पणाचा आठवा भाग, चिखलपाण्याने वाट अडविणाऱ्यास चौथा भाग आणि हाच अपराध राजमार्गावर घडल्यास दुप्पट, अशी दंडाची चढण तेथे लावून दिली आहे. कौटिल्याचे राज्य आपला आदर्श नव्हे. तरीही दंड लहान असावा, आधी ठाऊक असावा आणि अपराधाच्या जागेशी त्याचे प्रमाण असावे, ही त्याची दृष्टी आजही शिकण्यासारखी आहे.

माणसे नाहीत, पैसा नाही, ही लहान शहरांची नित्याची सबब आहे. रतलामच्या नगरपालिकेनेही उघड्या गटारांच्या तक्रारीवर तीच पुढे केली होती. 1980 मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ती फेटाळली: पैसा नाही म्हणून पालिकेस आपले वैधानिक कर्तव्य टाळता येत नाही. शिवाय वेळीच केलेल्या कारवाईस पैसा कमीच लागतो. जोत्यापर्यंत आलेले काम थांबविण्यास एक निरीक्षक पुरतो. चार मजले उभे राहिल्यावर यंत्रे, पोलीस आणि वकील लागतात.

म्हणून पंडरीसारख्या बाजारपेठेसाठी तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. बांधकामाची तपासणी जोत्यापाशीच व्हावी व तिची नोंद राहावी. नोटीस दुकानदारास आणि हमालासही कळेल अशा सोप्या हिंदीत व छत्तीसगडीत असावी. दिलेल्या प्रत्येक नोटिशीचे पुढे काय झाले, हे प्रभाग कार्यालयाच्या फलकावर लावावे. थोरामोठ्यांची नावे त्यातून वगळू नयेत. यासोबत व्यापारी इमारतींच्या वाहनतळाची उणीव पैसे घेऊन माफ करणे विधिमंडळाने थांबविले पाहिजे. ते थांबले नाही, तर उरलेल्या तिन्ही सूचना कागदावरच राहतील. शासन स्वतःच आपला शब्द मोडीत काढीत असेल, तर नागरिकाने तो पाळावा, अशी अपेक्षा करण्याचा अधिकार त्यास राहत नाही.