बीडपेक्षा लहान देशाचा पंतप्रधान

दिवाळीनंतर गावाकडे गेलं की ओट्यावर गप्पा होतात आणि त्या शेवटी राजकारणावरच येतात. मागे अशाच गप्पांमध्ये मॉरिशसचा विषय निघाला. नोव्हेंबर 2024 मध्ये तिथे निवडणूक झाली, सरकार पार झोपलं, आणि नवीनचंद्र रामगुलाम पुन्हा पंतप्रधान झाले. कुणीतरी मोबाईलवरची बातमी मोठ्यानं वाचली, "भारतीय वंशाचे पंतप्रधान". सगळ्यांनी माना डोलावल्या. चुलतभाऊ मात्र म्हणाला, "अरे, केवढा तो देश! आपल्या जिल्हा परिषदेच्या अध्यक्षाएवढं काम असंल त्याला."

त्याचं अगदीच चूक नव्हतं. मॉरिशसची लोकसंख्या सुमारे साडेबारा लाख. आपल्या बीड जिल्ह्याची 2011 च्या जनगणनेत पंचवीस लाख पंच्याऐंशी हजार होती. म्हणजे निम्मा बीड. क्षेत्रफळ म्हणाल तर आपल्या पाचव्या हिश्शाएवढं. आपल्याला सहा आमदार आणि एक खासदार, त्यांना निवडून आलेले बासष्ट खासदार आणि वर एक पंतप्रधान. संरक्षण आणि गृह ही खातीही बहुतेक वेळा त्याच्याकडेच असतात. बीडनं महाराष्ट्राला गोपीनाथराव मुंडेंच्या रूपानं 1995 मध्ये उपमुख्यमंत्री दिला. मुख्यमंत्रिपद काही आजवर जिल्ह्याच्या वाट्याला आलेलं नाही.

पण मंडळी, मला त्या खुर्चीपेक्षा खुर्चीपर्यंतच्या वाटेत जास्त रस आहे. ती वाट उसाच्या फडातून जाते, आणि उसाचा फड म्हटलं की बीडच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

2 नोव्हेंबर 1834 ला 'अ‍ॅटलस' नावाचं जहाज छत्तीस मजूर घेऊन मॉरिशसला लागलं. गुलामगिरी बंद होत होती, मळेवाल्यांना हात हवे होते. पुढच्या काही दशकांत साडेचार लाखांच्या आसपास माणसं तिथल्या बंदरात उतरली. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर ती उतरत तो आप्रवासी घाट 2006 पासून जागतिक वारसा यादीत आहे. बहुतेक जण भोजपुरी मुलखातले, काही तमिळ-तेलुगू, आणि मुंबईहून जहाजात बसलेली आपली कोकणातली मराठी माणसंही त्यांत होती. त्यांचे वंशज आजही तिथे गणपती बसवतात, आणि गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते.

करार पाच वर्षांचा. मजूर गोळा करायचा आणि फडावर हाकायचा तो 'सरदार'. एक दिवस कामावर आला नाही तर दोन दिवसांची मजुरी कापायची, त्याला 'डबल कट' म्हणत. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा थबकलो. सरदार काढा आणि मुकादम लिहा. करार काढा आणि उचल लिहा. डबल कटच्या जागी खाडा लिहा. नवरा-बायको मिळून एक कोयता, दसरा-दिवाळीनंतर ट्रकात बिऱ्हाड, पुढचे पाच-सहा महिने कारखान्याजवळच्या कोपीत, आणि हंगाम संपला तरी उचल फिटलेली नाही म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा तोच मुकादम. फरक एवढाच की आपल्याकडे समुद्र ओलांडावा लागत नाही, सांगली-कोल्हापूर किंवा कर्नाटकापर्यंत गेलं की भागतं.

आता गंमत पाहा (गंमत कसली म्हणा). त्या फडात राबायला बिहारमधून गेलेल्या एका मजुराचा मुलगा शिवसागर रामगुलाम. जन्म 1900 चा. लंडनला जाऊन डॉक्टर झाला, 1935 मध्ये परतला, आणि 12 मार्च 1968 ला देश स्वतंत्र झाला तेव्हा पहिला पंतप्रधान झाला.

मग आपल्याकडे तसं का झालं नाही? मला दोन गोष्टी दिसतात. पहिली जमिनीची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साखरेचे भाव पडले तसे मळेवाल्यांनी कडेच्या जमिनी तुकडे करून विकायला काढल्या, आणि करार संपलेल्या मजुरांनी पै-पै जमवून त्या घेतल्या. जिथं ऊस तोडला तिथंच ते राहिले.

दुसरी मताची. 1948 च्या निवडणुकीत पहिल्यांदा असा नियम आला की बेटावरच्या कुठल्याही भाषेत साधी वाक्यं लिहिता-वाचता आली की मताधिकार. मग बासदेव बिसुनदयाल आणि त्यांच्या माणसांनी गावोगावच्या बैठकांतून लोकांना लिहा-वाचायला शिकवायचा सपाटा लावला. दिवसभर फडात, रात्री कंदिलाखाली अक्षरं. मतदार बारा हजारांच्या आसपास होते ते सत्तर हजारांवर गेले. माझ्या मते पंतप्रधानपद 1968 मध्ये मिळालंच नाही, ते त्या रात्रींमध्ये मिळालं.

आपल्या ऊसतोड्याला मत 1950 पासून आहे, अक्षर येवो न येवो. पण मत गावात आणि माणूस फडावर! मॉरिशसनं मतदान केलं 10 नोव्हेंबर 2024 ला. आपलं विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबरला, ऐन गळीत हंगामाच्या तोंडावर. कुणाचा ट्रक थांबला, कुणाचा निघाला. जिथं तो वर्षातले सहा महिने राहतो तिथल्या आमदाराला त्याची गरज नाही, कारण त्याचं नाव तिथल्या यादीत नाही. आणि जिथं नाव आहे तिथं तो निवडणुकीपुरता. 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयं काढण्याचा प्रश्न विधिमंडळात गाजला, चौकशी समिती झाली, महामंडळही आलं. पण त्या बायांपैकी कुणी त्या सभागृहात बसलेली नव्हती.

मॉरिशसचंही फार कौतुक करू नये म्हणा. स्वातंत्र्यापासून ती खुर्ची दोनच घरांत फिरते आहे, रामगुलाम आणि जगन्नाथ. मध्ये 2003 ते 2005 पॉल बेरांजे यांचा अपवाद. 2017 मध्ये तर अनिरुद्ध जगन्नाथांनी राजीनामा दिला आणि निवडणूक न होता मुलगा प्रविंद पंतप्रधान झाला. बीडच्या माणसाला घराणं म्हणजे काय हे शिकवायला मॉरिशसची गरज नाही. पण तिथला मतदार अधूनमधून हिशोब चुकता करतो. 1982 मध्ये खुद्द राष्ट्रपिता म्हणवले जाणारे शिवसागर स्वतःच्या मतदारसंघात पडले, पक्षाला मुख्य बेटावर साठपैकी एकही जागा मिळाली नाही. 2024 मध्ये प्रविंद यांच्या आघाडीचंही तिथं तेच झालं.

हे सगळं लिहायचं कारण माझा एक वर्गमित्र. सहावीत माझ्या शेजारी बसायचा. गणितात माझ्यापेक्षा हुशार, हे मी आज इथं जाहीर कबूल करतो. दर दिवाळीनंतर त्याची जागा रिकामी व्हायची, उन्हाळ्यात तो परत यायचा. सातवीनंतर आलाच नाही. आता त्याचा मुलगा कोयता घेऊन जातो. तो डॉक्टर किंवा पंतप्रधान झाला असता असं मी म्हणत नाही. पण निदान एक अख्खं वर्ष त्यानं शाळेत काढलं असतं तर काय झालं असतं, ते कुणालाच कळलं नाही.

असो. हे सगळं मी त्या दिवशी ओट्यावरही बोललो, जरा जास्तच बोललो. चुलतभाऊ ऐकत होता. तो स्वतः कारखान्यावर ट्रॅक्टर चालवतो. शेवटी त्यानं एवढंच विचारलं, "मग तिकडं आता ऊस कोण तोडतं?"

"बराचसा मशीनच तोडते," मी म्हणालो.

"हां. आपल्याकडं बी आलंय ते हार्वेस्टर," तो म्हणाला आणि चहाचा कप ठेवून उठला.