चालता धंदा बदलणारा चित्रकार

चित्रकाराच्या आयुष्याकडे जमाखर्चाच्या नजरेने पाहिले, तर रसिक मंडळी नाराज होतील. तथापि आयुष्यभर कर्जदारांचे ताळेबंद वाचलेल्या माणसाची ही सवय सुटत नाही. शिवाय आपल्या व्यापारी घरांतील एखादी मुलगी 'मला चित्रकलाच शिकायची आहे' असे म्हणते, तेव्हा वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्नही हाच असतो : यातून मिळकत कधी सुरू होणार? प्रश्न रास्त आहे. सय्यद हैदर रझा यांच्या चरित्रात त्याचे बरेचसे उत्तर सापडते.

रझा यांचा जन्म १९२२ साली मध्य प्रदेशातील मंडला जिल्ह्यात झाला. वडील वनखात्यात नोकरीला. १९३९ मध्ये ते नागपूरच्या चित्रकला विद्यालयात दाखल झाले आणि १९४३ मध्ये मुंबईला आले. येथे ब्लॉक तयार करणाऱ्या एका स्टुडिओत नोकरी, उरलेल्या वेळात चित्रे आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधील शिक्षण, असा क्रम होता. फाळणीनंतर भावंडे पाकिस्तानात गेली. रझा येथेच राहिले. १९४८ मध्ये काश्मीरला गेले असता प्रख्यात छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांची गाठ पडली. चित्रांत रंग आहे, पण बांधणी नाही. सेझानचा अभ्यास करा, असे त्यांनी सांगितले. सव्वीस वर्षांचा, नाव होऊ लागलेला तरुण अशा शेऱ्याने दुखावला असता. रझा यांनी मुंबईत फ्रेंच भाषा शिकण्यास प्रारंभ केला, आणि १९५० मध्ये फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती मिळवून ते पॅरिसच्या 'एकोल दे बोझार' या कलाविद्यालयात गेले.

१९५६ मध्ये त्यांना पॅरिसमधील समीक्षकांचा मानाचा पुरस्कार मिळाला. नागपूरच्या प्रवेशापासून मोजले तर सतरा वर्षे! एवढा काळ कोणतीही बँक हप्ते लांबवून देणार नाही. नोकरी आणि शिष्यवृत्ती या दोन टेकूंवर त्यांनी तो काढला.

यापुढचा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. फ्रान्समधील निसर्ग आणि गावे रंगविणारे रझा आता स्थिरावले होते. १९६२ मध्ये अमेरिकेतील बर्कले येथे त्यांनी अध्यापनही केले. ठिकठिकाणी प्रदर्शने होत होती, चित्रांना मागणी होती. अशा वेळी, १९७० च्या दशकात, त्यांना स्वतःच्याच कामाविषयी असमाधान वाटू लागले. हे सारे उत्तम आहे, पण यात माझे काय आहे, हा त्यांचा प्रश्न होता. भारतात पुनःपुन्हा येऊन त्यांनी अजिंठा-वेरूळ, काशी, गुजरात, राजस्थान पाहिले. बालपणी मन एकाग्र होत नाही म्हणून शाळेतील शिक्षकांनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे पाहत बसविले होते, ती आठवण कामी आली. त्यांच्या कॅनव्हासवर काळा बिंदू अवतरला, भोवती चौकोन, त्रिकोण आणि राजस्थानी लघुचित्रांतील तापलेले रंग आले. पन्नाशी ओलांडल्यावर, नफ्यात असलेल्या पेढीचा माल बदलण्याचे धैर्य आपल्यापैकी किती जणांनी दाखविले असेल? मी तरी अशा प्रस्तावावर सही करताना दहा वेळा विचार केला असता.

त्यांचे १९८३ चे 'सौराष्ट्र' हे चित्र २०१० मध्ये लंडनच्या लिलावात १६ कोटी रुपयांहून अधिक किमतीला गेले, ही बातमी अनेकांना आठवत असेल. अशा लिलावाची रक्कम चित्राच्या तत्कालीन मालकाच्या खात्यात जमा होते, हे मात्र पालकांनी ध्यानात ठेवावे. भाव वाढला की खोटा मालही येतोच. २००९ मध्ये रझा दिल्लीत स्वतःच्याच चित्रांच्या प्रदर्शनाला गेले, तेव्हा भिंतीवरील चित्रे आपली नाहीत हे त्यांना स्वतःलाच सांगावे लागले.

पत्नी जानीन याही चित्रकार होत्या. त्या २००२ मध्ये निवर्तल्या. २०१० च्या अखेरीस, साठ वर्षांच्या वास्तव्यानंतर, रझा फ्रान्स सोडून दिल्लीला परतले आणि थकलेल्या देहाने चित्रे काढीत राहिले. २३ जुलै २०१६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे दफनविधी मंडला येथे, वडिलांच्या कबरीशेजारी झाला.