प्रथिनांची तपासणी दिवसांवरून तासांवर. वाचलेला वेळ कुणाच्या वाट्याला?

सक्करदऱ्यातल्या कुणाला गुडघ्याचा किंवा मणक्याचा एमआरआय सांगितला, तर तासाभरात तो मोकळा होतो. त्याच भौतिकशास्त्रावर चालणाऱ्या एनएमआर यंत्रात एखाद्या प्रथिनाची तपासणी मात्र दिवसचे दिवस चालत असे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत हा वेळ झपाट्याने कमी झाला. तो कसा कमी झाला, त्यात भारतीय शास्त्रज्ञांचा वाटा किती आणि सिकलसेलचा भार वाहणाऱ्या विदर्भाने याकडे का पाहावे, याचा हा आढावा.

एनएमआर म्हणजे काय?

न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स, म्हणजेच अणुकेंद्रीय चुंबकीय अनुनाद. हायड्रोजनसारख्या काही अणूंची केंद्रके बारीक चुंबकासारखी वागतात. त्यांना प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवून रेडिओलहरींचा धक्का दिला की ती ठरावीक वारंवारतेने उत्तर देतात. शेजारी कोणते अणू आहेत, त्यानुसार ही वारंवारता किंचित बदलते. त्यावरून रेणूची रचना उलगडते.

एमआरआय शरीरातले पाणी कुठे कसे आहे ते दाखवतो. एनएमआर एका रेणूतला कोणता अणू कुणाच्या शेजारी आहे ते सांगतो. द्रावणातल्या प्रथिनांची त्रिमितीय रचना या पद्धतीने शोधण्याबद्दल कुर्ट वुथरिच यांना २००२ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

मग इतका वेळ का लागतो?

प्रथिनात शेकडो, हजारो अणू असतात. साध्या आलेखात त्यांचे संकेत एकमेकांवर चढतात. म्हणून हायड्रोजन, नायट्रोजन आणि कार्बन अशा दोन-तीन दिशांनी ते वेगळे करावे लागतात. गणित इथेच बिघडते.

समजा, तीन मितींच्या प्रयोगात दोन दिशांना प्रत्येकी ६४ बिंदू मोजायचे आहेत. म्हणजे ४,०९६ बिंदू. प्रत्येक बिंदू चार प्रकारे मोजावा लागतो. संकेत क्षीण असल्याने प्रत्येक मोजणी आठ वेळा करायची आणि दर खेपेला केंद्रके मूळ स्थितीत येईपर्यंत सुमारे एक सेकंद थांबायचे. हिशेब होतो जवळपास १ लाख ३१ हजार सेकंदांचा, म्हणजे ३६ तासांचा.

त्यात चौथी मिती जोडली आणि तिथे फक्त ३२ बिंदू घेतले, तरी वेळ तीन महिन्यांवर जातो. तोवर नमुन्यातले प्रथिन टिकणार नाही आणि यंत्राचा एवढा वेळ कुणाला मिळणारही नाही.

वेग कसा वाढवला?

पहिली उडी १९६६ ची. रिचर्ड अर्न्स्ट आणि वेस्टन अँडरसन यांनी एकेक वारंवारता तपासत बसण्याऐवजी एकाच धक्क्याने सगळ्यांना जागे केले आणि एकत्र आलेले उत्तर फूरिए गणिताने सुटे केले. अर्न्स्ट यांना १९९१ मध्ये नोबेल मिळाले. त्यानंतरच्या युक्त्या मुख्यतः तीन प्रकारच्या आहेत.

पहिली, कमी बिंदू मोजणे. आलेखाचा बहुतेक भाग रिकामा असतो. त्यामुळे सगळे ४,०९६ बिंदू न मोजता त्यातला विखुरलेला चौथा हिस्सा मोजायचा आणि उरलेले चित्र संगणकाकडून पुरे करून घ्यायचे. शितावरून भाताची परीक्षाच ही. फक्त शिते कुठली उचलायची हे गणित ठरवते. ३६ तासांचे काम नऊ तासांत होते.

दुसरी, दोन वारंवारता एकत्र मोजणे. दोन संख्यांची बेरीज १०० आणि वजाबाकी २० असेल, तर त्या ६० आणि ४० आहेत हे आपण तोंडी सांगतो. याच तत्त्वावर एक मिती दुसरीत गुंफली की मोजायच्या बिंदूंची संख्या एकदम घटते. थॉमस झिपेर्स्की यांच्या गटाने २००३ मध्ये ही कल्पना विस्तारून जीएफटी नावाने मांडली.

तिसरी, दोन मोजण्यांमधली विश्रांती कमी करणे. पॉल शांडा आणि बर्नहार्ड ब्रुचर यांच्या २००५ च्या सोफास्ट पद्धतीत नायट्रोजनला जोडलेल्या हायड्रोजनांनाच धक्का दिला जातो. न हललेले शेजारी त्यांची ऊर्जा पटकन शोषतात आणि ते लवकर पुन्हा तयार होतात. दोन मितींचा आलेख काही सेकंदांत मिळतो. २००७ मध्ये याच रीतीने दुधातल्या अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन या प्रथिनाची घडी बसताना प्रत्यक्ष पाहता आली.

यात भारताचा वाटा काय?

मोठा आणि बराचसा मुंबईचा. इथेनॉलसारख्या रेणूतले हायड्रोजन वेगवेगळे संकेत देतात, हे दाखवणाऱ्या १९५१ च्या गाजलेल्या शोधनिबंधाच्या तीन लेखकांपैकी एक होते एस. एस. धर्मट्टी. पुढे त्यांनीच मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, एनएमआर संशोधनाचा पाया घातला. तिथे गिरिजेश गोविल यांच्या पिढीने जैवरेणूंचा अभ्यास वाढवला आणि देशभरच्या संशोधकांसाठी राष्ट्रीय सुविधा उभी राहिली.

बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेचे अनिल कुमार यांनी १९८० मध्ये अर्न्स्ट आणि वुथरिच यांच्यासोबत नोएसी प्रयोग प्रथिनांसाठी मांडला. प्रथिनातले कोणते हायड्रोजन जवळ आहेत, हे त्यातून कळते.

टीआयएफआरमधील रामकृष्ण होसूर यांच्या गटाने २००१ मध्ये एचएनएन ही प्रयोगमालिका दिली. साखळीतल्या शेजारच्या तीन अमिनो आम्लांचा दुवा तिच्यात एकाच प्रयोगात सापडतो, त्यामुळे कोणता संकेत कुणाचा हे ओळखण्याचे कष्ट वाचतात. टीआयएफआरमध्येच घडलेले हनुदत्त आत्रेय यांनी झिपेर्स्कींसोबत जीएफटी पद्धत प्रथिनांच्या संपूर्ण ओळखीसाठी वापरून दाखवली. यातले बहुतेक काम नव्या चुंबकाने झालेले नाही. ते रेडिओलहरींचा क्रम कसा रचावा, या विचाराने झाले आहे.

विदर्भाचा संबंध कुठे?

सिकलसेल हा प्रथिनाचा आजार आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतले सहावे अमिनो आम्ल बदलते, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते. प्राणवायू सोडल्यावर असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब दोरे बनवते आणि तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. विदर्भातल्या कितीतरी घरांना हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. तिचा भर तपासणीवर आहे आणि ते योग्यच आहे. पण औषध शोधायचे, तर प्रथिन कसे हलते हे पाहावे लागते.

हिमोग्लोबिनने याचा धडाच दिला आहे. स्फटिकात गोठवलेल्या हिमोग्लोबिनची दोन वेगळी रूपे क्ष-किरणांनी दाखवली होती. अमेरिकेत चिएन हो यांच्या गटाने २००३ मध्ये एनएमआरने द्रावणातले, कार्बन मोनॉक्साइड जोडलेले हिमोग्लोबिन पाहिले, तेव्हा ते या दोन रूपांच्या मधले निघाले.

संगणक रचना सांगतो, मग एनएमआर कशाला?

अल्फाफोल्डसारखी प्रणाली प्रथिनाची घडी वर्तवते, तिच्या निर्मात्यांना २०२४ मध्ये नोबेलही मिळाले. क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक मोठ्या प्रथिनांची चित्रे घेतो. पण ज्या प्रथिनांना एक ठरलेली घडीच नसते, किंवा ज्यांना औषधाचा रेणू क्षणभर चिकटून सुटतो, त्यांची हालचाल अणूगणिक दाखवण्यात एनएमआरचा हात धरणारे फार थोडे आहेत.

वेगाच्याही मर्यादा आहेत. कमी बिंदू घेतले की क्षीण संकेत हरवण्याची आणि नसलेले उमटण्याची भीती असते. मुळात नमुना पातळ असेल, तर घाई करून उपयोग नाही. मोठ्या प्रथिनांचे संकेत लवकर विरतात. युक्ती कुठे चालते हे ओळखणारा माणूस यंत्राइतकाच महत्त्वाचा ठरतो.

मग करायचे काय?

८०० मेगाहर्ट्झचे यंत्र कोट्यवधींचे असते, त्याचा चुंबक द्रव हेलियममध्ये थंड ठेवावा लागतो आणि हेलियम आपण आयात करतो. प्रत्येक विद्यापीठात असे यंत्र मागणे व्यवहार्य नाही. पण ३६ तासांचे काम नऊ तासांत झाले, तर एकाच्या जागी चौघांना वेळ मिळू शकतो. प्रश्न हा की हे आणखी तिघे कोण? वाचलेला वेळ त्याच त्या मोठ्या प्रयोगशाळांनी वापरला, तर नागपूरच्या विद्यार्थ्याला या क्रांतीची बातमीच तेवढी वाचायला मिळेल.

म्हणून तीन गोष्टी व्हाव्यात. राष्ट्रीय सुविधांनी वाचलेल्या वेळेचा ठरावीक हिस्सा राज्य विद्यापीठांसाठी राखावा. उपकरणे खुली करणारे आय-स्टेम हे सरकारी पोर्टल आहेच. तिथल्या नोंदणीला प्रवासखर्च आणि शुल्कसवलतीची जोड हवी. दुसरे, नायट्रोजन-१५ आणि कार्बन-१३ घालून जिवाणूंकडून प्रथिन बनवून घेण्याचे काम बऱ्यापैकी सज्ज जैवतंत्रज्ञान प्रयोगशाळेत होते. ते इथेच व्हावे. नमुना नागपुरात तयार होऊन मुंबईत एका रात्रीत मोजला जाऊ शकतो. तिसरे, मोजणीनंतरचे गणित. त्यासाठीची प्रणाली शैक्षणिक वापराला मोफत मिळते आणि सरावासाठी बीएमआरबी या खुल्या भांडारात जगभरची माहिती आहे. त्याला चुंबक लागत नाही, शिकवणारा लागतो.

धर्मट्टींपासून आत्रेयांपर्यंतच्या वाटचालीत बुद्धीने यंत्राचा वेळ वाचवला. तो वेळ वाटण्याचे काम आता धोरणाचे आहे आणि ज्या भागात आजार आहे, त्या भागातल्या तरुणांना त्यात वाटा मिळणे ही किमान अपेक्षा आहे.