कोल्हापूरच्या पुरात हॅम रेडिओ कामाला येईल का? वॉकीटॉकी मागवण्याआधी नियम काय सांगतात ते बघा

पावसाळ्यात कोल्हापुरात दोन आकडे लहान पोरांनाही पाठ असतात, ३९ आणि ४३. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी आणि ४३ वर गेली की धोका पातळी. राधानगरी धरणाचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की १४२८ क्युसेक पाणी सुटतं आणि पाचव्या मिनिटाला ही बातमी गावातल्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडलेली असते.

हे सगळं मोबाईल चालू असतो तोवर. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, वीज उपकेंद्रं बुडाली, प्रयाग चिखली, आंबेवाडी आणि शिरोळ तालुक्यातल्या कितीतरी गावांना पाण्याचा वेढा पडला. वीज गेली की टॉवरची बॅटरी काही तास टिकते, मग जनरेटरला डिझेल लागतं आणि डिझेल पोहोचवायला रस्ता लागतो. टॉवर बंद पडला की आपल्या छतावर किती माणसं अडकलीत, त्यात म्हातारी किती आणि बाळंतीण आहे का, हे सांगायचं कुणाला?

२०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा महापूर आला. तेव्हापासून दर पावसाळ्यात कुणीतरी ग्रुपवर लिहितंच की ऑनलाइन वॉकीटॉकी स्वस्तात मिळतात, मंडळासाठी चार-पाच घेऊन ठेवू. कुणी म्हणतं, हॅम रेडिओ घेऊ, त्याला टॉवर लागत नाही. टॉवर लागत नाही हे खरं आहे. पण सेट विकत घेतला म्हणून तो वापरता येतो असं मात्र नाही.

ऑनलाइन मिळतो, मग बेकायदा कसा?

मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकीटॉकी विकणाऱ्या ई-कॉमर्स कंपन्यांना नोटिसा काढल्या आणि महिनाअखेरीस अशा विक्रीसाठी मार्गदर्शक सूचनाही जारी केल्या. सेट कोणत्या फ्रिक्वेन्सीवर चालतो, त्याला परवाना लागतो का, त्याची सरकारी मान्यता आहे का, यातलं काही न सांगता माल विकला जात होता, हा मुख्य आक्षेप होता.

सामान्य माणसाला परवान्याशिवाय वापरता येतात ते फक्त ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवरचे कमी ताकदीचे, मान्यता असलेले सेट. ट्रेकला पुढच्या आणि मागच्या गटाने बोलायला ते ठीक आहेत. बाकी जे चिनी सेट 'दहा किलोमीटर रेंज' लिहून विकले जातात, त्यातले बरेचसे पोलीस, रेल्वे किंवा इतर खात्यांच्या फ्रिक्वेन्सीवरही बोलू शकतात. पुरात बचावपथकाच्याच चॅनलवर कुणी हौशी माणूस 'हॅलो हॅलो' करत बसला तर काय होईल, याचा विचार करा. परवान्याशिवाय असा सेट नुसता बाळगणंसुद्धा १९३३ च्या वायरलेस कायद्यापासून चालत नाही, आणि २०२३ च्या नव्या दूरसंचार कायद्यातही त्याला दंड आहे.

हॅमचा परवाना कसा मिळतो?

हॅम म्हणजे हौशी रेडिओ ऑपरेटर. परवाना केंद्राच्या दूरसंचार विभागाची वायरलेस शाखा देते, अर्ज 'सरल संचार' पोर्टलवर करायचा. वय किमान १२ वर्षं हवं, म्हणजे सातवीतलं पोरगंही बसू शकतं. रेडिओचं मूलभूत तंत्र आणि नियम या दोन विषयांची परीक्षा होते. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स कोड लागत नाही. जनरल ग्रेडला मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने मोर्स यावा लागतो. आंतरराष्ट्रीय नियमांतून मोर्सची सक्ती २००३ मध्येच उठली आहे, आपण ती वरच्या ग्रेडला अजून धरून बसलोय. रिस्ट्रिक्टेडवाल्याला साधारण ५० वॅटपर्यंत आणि जनरलवाल्याला ४०० वॅटपर्यंत ताकद वापरता येते.

पास झालात की कॉलसाइन मिळतो. भारतात तो व्हीयू २ किंवा व्हीयू ३ ने सुरू होतो आणि पुढे अक्षरं येतात. गाडीच्या नंबरप्लेटसारखं समजा, जगात त्या नावाचा दुसरा कुणी नसतो. राजीव गांधींचा कॉलसाइन व्हीयू २ आरजी होता.

हवेतली शिस्त

बोलण्याआधी ऐकायचं, हा पहिला धडा. फ्रिक्वेन्सी रिकामी आहे का हे विचारायचं आणि मगच हाक द्यायची. सुरुवातीला आणि शेवटी कॉलसाइन सांगायचा, बोलणं लांबलं तर दर दहा मिनिटांनी पुन्हा सांगायचा. अक्षरं अल्फा, ब्राव्हो, चार्ली अशी फोडून सांगायची, कारण खरखरीत 'ब' आणि 'ड' सारखेच ऐकू येतात. एकाचं बोलून झालं की 'ओव्हर', मग दुसरा. फोनसारखं दोघांनी एकदम बोलता येत नाही.

अनेक जण एकाच फ्रिक्वेन्सीवर आले की त्याला 'नेट' म्हणतात, आणि नेटला एक कंट्रोल स्टेशन असतं. ते नाव घेईल तेव्हाच बोलायचं. ग्रुपवर दोनशे मेसेज एकाच वेळी पडले तर निदान नंतर वाचता येतात. रेडिओवर दोघं एकदम बोलले तर दोघांचंही वाया जातं.

मनाईची यादी मोठी आहे. धंद्याचं बोलणं नाही, गाणी लावायची नाहीत, शिवीगाळ नाही, सांकेतिक भाषा नाही. हवेतलं बोलणं कुणालाही ऐकू येतं आणि ते तसंच असायला हवं, हा यामागचा विचार. सरकारला या छंदाची धास्ती पहिल्यापासून आहे. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर इंग्रजांनी हॅम परवाने रद्द केले, आणि तरी १९४२ मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत काँग्रेस रेडिओ चालवून दाखवलाच.

पुरात नेमकं काय चालतं?

हॅमने एरवी फक्त दुसऱ्या परवानाधारक हॅमशी बोलायचं. तिसऱ्या माणसाचा निरोप पोहोचवायचा नाही. आपत्तीत ही अट सैल होते, पण किती? १९७८ च्या नियमांप्रमाणे नेहमीची संपर्कयंत्रणा बंद पडली असेल आणि विषय पूर, भूकंप, वादळ, मोठी आग असा असेल तर निरोप नेता येतो. तोही सक्षम अधिकाऱ्याकडून आलेला आणि सक्षम अधिकाऱ्यासाठीच. सक्षम अधिकारी म्हणजे जिल्हाधिकारी किंवा त्यांनी नेमलेला माणूस.

म्हणजे कुरुंदवाडमधून 'आम्ही बरे आहोत, पुण्याच्या काकांना कळवा' हा निरोप अक्षरशः नियमात बसत नाही. पण 'अमुक वाडीत ४० माणसं, दोन आजारी, बोट हवी' हा निरोप तहसीलदारांकडून जिल्हा नियंत्रण कक्षाकडे गेला तर पूर्ण नियमात बसतो, मात्र तहसीलदारांना तसं नेमलेलं असायला हवं. प्रश्न यंत्राचा कमी आणि कागदाचा जास्त आहे. पाणी चढल्यावर हॅम शोधायचे, त्यांचे परवाने बघायचे आणि आदेश टाइप करायचा, तोवर रस्ता बंद झालेला असतो. हा आदेश मे महिन्यातच निघायला हवा, तालुक्यांच्या नावांसकट.

देशात याचे दाखले आहेत. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा हॅम ऑपरेटर भारती प्रसाद आणि त्यांचं पथक रेडिओ मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरलाच होतं. फोन बंद पडल्यावर अंदमानचा मुख्य भूमीशी संपर्क टिकवण्यात त्यांच्या सेटचा मोठा वाटा होता. त्यांच्याकडे परवानगी, सेट आणि अँटेना आधीपासून तयार होत्या, हे विसरायला नको.

कोल्हापुरात तांत्रिकदृष्ट्या जमेल?

हातातला पाच वॅटचा सेट सरळ रेषेत बोलतो. मध्ये डोंगर किंवा इमारती आल्या की संपलं. शहरात दोन-चार किलोमीटर मिळाले तरी पुष्कळ. पण जोतिबाच्या डोंगरावर किंवा पन्हाळ्यावर रिपीटर ठेवला, म्हणजे खालून आलेला आवाज पकडून पुन्हा जोरात सोडणारं यंत्र, तर शिरोळपर्यंतचा सपाट पट्टा आवाक्यात येऊ शकतो. गगनबावड्याकडे सह्याद्री आडवा आहे. तिथे ७ मेगाहर्ट्झचा शॉर्टवेव्ह पट्टा लागेल, त्याच्या लहरी वर जाऊन आकाशातून खाली परततात. दोन खांबांमध्ये ताणलेली वीसेक मीटर तार आणि गाडीची बॅटरी एवढ्यावर हे चालतं.

पोलिसांचा वायरलेस आहेच, मग हॅम कशाला, असंही विचारलं जातं. पोलिसांचा सेट चौकीत किंवा गाडीत असतो, प्रत्येक वाडीत नसतो. मोबाईलवर येणारा सरकारी इशाराही वरून खाली येतो. खालून वर माहिती न्यायला माणूस लागतो, आणि तोही वेढा पडण्याआधीच गावात असलेला.

असे किती हॅम पूररेषेतल्या गावांत राहतात, हा खरा हिशेब आहे. शहरातल्या बंगल्याच्या गच्चीवर दहा मोठ्या अँटेना असण्यापेक्षा नृसिंहवाडी, राजापूर, आंबेवाडी, चिखली इथे एकेक परवानाधारक असणं जास्त मोलाचं. एखादा शिक्षक, कॉलेजातली मुलगी, मोबाईल दुरुस्ती करणारा पोरगा, कुणीही चालेल. अभ्यासाला दोन-तीन महिने पुरतात, पण परीक्षा, निकाल आणि परवाना हातात पडेपर्यंत वेळ जातो. पुढच्या पावसासाठी तयारी करायची तर अर्ज दिवाळीच्या आसपास गेलेला बरा.