यंत्राला कान देणारा माणूस

मोबाइलशी बोलून काम करून घेणे आता अंगवळणी पडले आहे. त्यामागे ज्यांनी उमेदीची वर्षे घातली, त्या राज रेड्डी यांचे नाव मात्र आपल्याकडे फारसे कुणी घेत नाही, याची खंत वाटते. आंध्रातील कातूर या खेड्यात 1937 साली जन्म, मद्रासला गिंडीत अभियांत्रिकी, मग ऑस्ट्रेलिया आणि 1966 मध्ये स्टॅनफर्डची डॉक्टरेट. कार्नेगी मेलन विद्यापीठात त्यांच्या चमूने ‘हिअरसे’ ही प्रणाली उभी केली. माणसाने बुद्धिबळाची चाल तोंडाने सांगायची, यंत्राने ती ओळखायची. पुढच्या आवृत्तीत ध्वनी, शब्द, व्याकरण यांचे स्वतंत्र जाणकार प्रोग्राम एकाच सामाईक फळ्यावर आपापले अंदाज मांडत आणि एकमेकांचे तपासत. आमच्या मते त्यांची खरी झेप हीच. 1994 मध्ये एडवर्ड फायगेनबॉम यांच्यासह त्यांना संगणकशास्त्रातला ट्युरिंग पुरस्कार मिळाला. हा मान मिळवणारे ते पहिले आशियाई. आता हे काम आपल्या बोलींपर्यंत पोहोचायला हवे. वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी बोलणाऱ्याचे म्हणणे यंत्राला नीट कळायचे, तर त्या बोलींची भरपूर ध्वनिमुद्रणे हवीत. राज्यातील विद्यापीठांनी ती गोळा करून संशोधकांना खुली करावीत आणि सरकारने त्यासाठी स्वतंत्र तरतूद करावी.