मैदानाला कट्टा हवा

'मैदान' हा शब्द तुम्हांला मराठीत नव्याने शिकावा लागला नसेल. तो फारसीतून उर्दूत आला, तसाच मराठीतही आला. 'बाग' या शब्दाचेही तसेच. शब्द दोन्ही भाषांनी वाटून घेतले. शहरातली मोकळी जागा वाटून घेणे मात्र इतके सोपे नाही.

शहरात जागा महाग असते. "आधी घरे बांधा, मैदानाचे पुढे पाहू," असे म्हणणारे पुष्कळ लोक भेटतात. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही, त्याला बाग दाखवून काय उपयोग? परंतु घर म्हणजे केवळ चार भिंती नव्हेत. शेजारी कोण राहतो, त्याची आपली ओळख कशी होते, यावरही घरातले सुख अवलंबून असते. ही ओळख बऱ्याच अंशी जागेची रचना घडवते.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत बॉस्टनजवळ एम.आय.टी. या संस्थेने विवाहित विद्यार्थ्यांसाठी वसाहत बांधली. तेथील घरे अंगणांभोवती मांडलेली होती. लिऑन फेस्टिंजर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे कोणाची कोणाशी मैत्री आहे याची पाहणी केली आणि १९५० साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. अंगणाकडे दार असलेल्या कुटुंबांची आपसांत चांगली मैत्री होती. टोकाच्या काही घरांची दारे रस्त्याकडे होती; त्यांना तेथे मित्र फारच कमी होते. माणसे सारखी, शिक्षण सारखे, फरक फक्त दाराच्या दिशेचा!

मग नुसती जागा मोकळी सोडली की झाले का? नाही. न्यूयॉर्कमध्ये मोठ्या इमारतींपुढे चौक सोडलेले होते. काही चौक गजबजलेले असत, काही ओस पडत. विल्यम व्हाइट यांनी कॅमेरे लावून याचे कारण शोधले. उत्तर इतके साधे निघाले की हसू यावे. जेथे बसायला जागा होती, तेथे माणसे बसत होती! १९७५ साली त्या शहराने नियम बदलून अशा चौकांत बसण्याची सोय सक्तीची केली.

मुंबईकरांना हे गुपित आधीपासून ठाऊक होते. दादरच्या शिवाजी पार्कभोवती बसका कट्टा आहे. आत क्रिकेट चालते आणि कट्ट्यावर म्हातारी माणसे, कॉलेजची मुले, फिरून दमलेली कुटुंबे बसतात. खेळणाऱ्यांइतकीच बसणाऱ्यांचीही ती जागा आहे. मुंबईतच नागपाड्याचे बच्चूखान मैदान पाहा. दाट वस्तीतली ती लहानशी जागा. पण बास्केटबॉलमुळे तिचे नाव झाले. म्हणजे जागा मोठीच हवी असे नाही.

याउलट आपल्याकडे 'सुशोभीकरण' नावाचा एक प्रकार असतो. उंच कुंपण, कारंजे, 'हिरवळीवर बसू नये' अशी पाटी आणि फाटकाला कुलूप. अशी बाग फोटोत छान दिसते. पण मी तिला बाग म्हणणार नाही.

आणखी एक गोष्ट मला फार खटकते. पाचवी-सहावीपर्यंत मैदानावर दिसणाऱ्या मुली आठवी-नववीत कोठे जातात? व्हाइट यांनी नोंदवले होते, की एखाद्या चौकात स्त्रिया कमी दिसल्या तर तेथे काहीतरी चुकते आहे असे समजावे. दिवे नाहीत, स्वच्छतागृह नाही, बसायला जागा नाही, आणि फाटकाशी टोळकी उभी असतात. मग कोणती आई मुलीला पाठवील? दोष मुलींचा नाही आणि आयांचाही नाही.

तेव्हा एक काम करा. येत्या रविवारी संध्याकाळी वही घेऊन आपल्या मैदानावर जा. मुले किती, मुली किती, आजी-आजोबा किती, हे मोजा. किती बाके धड आहेत, किती दिवे लागतात, तेही लिहा. मग वर्गात बसून त्या आकड्यांचे एक पत्र मराठीत तयार करा आणि महानगरपालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या कार्यालयात नेऊन द्या. पत्र दिल्याची पोच घ्यायला विसरू नका.