कोरियन वैद्यांचा पहिला प्रश्न



बँकेत छत्तीस वर्षे काढल्यावर माझ्या पदरी दोन गोष्टी राहिल्या, निवृत्तिवेतन आणि बिघडलेले पोट. महिनाअखेरीस डबा उघडावयास दुपारचे तीन वाजत. निवृत्तीनंतर वेळच वेळ मिळाला, परंतु चार घास खाताच पोट तुडुंब वाटणे, ढेकरा आणि छातीखालचा जडपणा या तक्रारी आठ वर्षे सुटल्या नाहीत. ओवा, हिंग, सुंठ, नाना पाचक चूर्णे, सर्व करून झाले. ज्या घरांत जेवणाची वेळ गिऱ्हाईक ठरविते, तेथे ही कथा परकी नसावी.

गतवर्षी दक्षिण कोरियात, सोल येथे मुलाकडे दोन महिने राहण्याचा योग आला. माझे जेवणानंतरचे येरझारे पाहून सूनबाई म्हणाल्या, "बाबा, येथील पारंपरिक वैद्यांना एकदा दाखवू या."

या वैद्यकाची परंपरा मोठी आहे. राजवैद्य हो जुन यांनी १५९६ मध्ये राजाज्ञेने 'दोंगुई बोगाम' या ग्रंथाचे काम हाती घेतले. जपानी आक्रमणाच्या धामधुमीतही ते सोडले नाही. १६१० मध्ये पूर्ण झालेला हा पंचवीस खंडांचा ग्रंथ १६१३ मध्ये छापला गेला आणि २००९ मध्ये युनेस्कोने त्याची जागतिक स्मृतिठेव्यात नोंद केली. सामान्य माणसाला ओळखता याव्यात म्हणून अनेक वनस्पतींची देशी नावे त्यात दिली आहेत. आज हा व्यवसाय करण्यासाठी सहा वर्षांचे विद्यापीठीय शिक्षण आणि शासकीय परवाना लागतो. १९५१ च्या कायद्याने पारंपरिक आणि आधुनिक ही दोन्ही वैद्यके स्वतंत्र परवान्यांची ठरली. १९८७ पासून पारंपरिक उपचारांना राष्ट्रीय आरोग्य विम्यात स्थान मिळाले, आणि एप्रिल २०२४ पासून जुनाट अपचनावरील काढेही प्रायोगिक योजनेत विम्याखाली आले. विम्याचा पैसा हिशेबाशिवाय सुटत नाही, हे मी अनुभवाने जाणतो. म्हणून मनाचा संशय थोडा कमी झाला.

वैद्यबाई साठीच्या होत्या. त्यांनी दोन्ही मनगटांची नाडी पाहिली, जीभ पाहिली, पोट हलकेच दाबून पाहिले. हातपाय थंड पडतात का, गार पाणी सोसते का, झोप कशी, घास किती वेळ चावता, अशी चौकशी झाली. एकाच तक्रारीवर सर्वांना एकच औषध द्यावयाचे नाही, हा त्यांचा नियम. ली जे-मा यांनी १८९४ मध्ये माणसांच्या चार प्रकृती मांडल्या. त्यांपैकी 'सोउम' प्रकृतीचा माणूस थंड अंगाचा आणि दुबळ्या पचनाचा. आपल्याकडील प्रकृतिविचाराची आठवण होऊन मला आपलेपणा वाटला. आता पुडी मिळणार, अशा समजुतीत मी होतो.

तोच त्यांनी विचारले, "जठराची दुर्बिणीतून तपासणी शेवटी कधी केली?"

मी म्हणालो, "कधीच नाही."

त्यांनी लेखणी खाली ठेवली. कोरियात जठराच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे असल्याने चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी या तपासणीची राष्ट्रीय योजना आहे. "आधी ती करून या. काढा त्यानंतर," एवढे सांगून त्यांनी आम्हास निरोप दिला.

परतताना मी अपमानित झाल्यासारखा गप्प होतो. रात्री मात्र थोरल्या बंधूंची आठवण झाली. ते भुसार बाजारात दुकान चालवीत. दोन वर्षे ते अपचन म्हणून चूर्णे घेत राहिले. कंबरेचा पट्टा एकेक भोक आत जात होता. आम्ही म्हणत असू, उधारीची काळजी. तपासणी झाली तेव्हा डॉक्टरांच्या हाती काही उरले नव्हते. चूर्णाने त्यांचे काही बिघडविले नाही. त्याने केवळ वेळ काढला, आणि आम्ही तो काढू दिला.

माझा अहवाल सुदैवाने निर्दोष निघाला. जठराची रचना ठीक, कार्य मंद, असे निदान झाले. मग काढा सुरू झाला. जिनसेंग, ज्येष्ठमध, सुके आले, संत्र्याच्या जातीच्या फळाची वाळलेली साल आणि इतर काही द्रव्ये. कडवट तपकिरी रस हवाबंद पिशवीत, कोमट करून दिवसातून दोनदा घ्यावयाचा. सोबत पथ्य: रात्रीचे जेवण लवकर, थंड पेये बंद, घास सावकाश. सहा आठवड्यांत जडपणा निम्म्याहून कमी झाला. श्रेय काढ्याच्या खाती टाकावे की पथ्याच्या, हे ठरविता येत नाही. सूर्यास्तापूर्वी जेवण्याची रीत आमच्या घरी होतीच; ती मोडली मी, आणि सांभाळावयास सांगितले परक्या देशातील वैद्याने.

हे वाचून कोणी मागणी नोंदवू पाहील, त्यास तीन गोष्टी सांगतो. या वैद्यकात हरणाचे शिंग आणि शिंपल्याचे चूर्णही वापरतात. आमच्या मुलाने विचारून ते वगळवून घेतले. जिनसेंग, ज्येष्ठमध ही मुळे आहेत आणि एक नित्याचे द्रव्य तर पाइन वृक्षाच्या मुळांवरील बुरशी आहे. ज्यांचे नियम कडक आहेत त्यांनी घटकांची यादी आधी मागावी. दुसरे, ज्येष्ठमध दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढू शकतो, आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जिनसेंग घेऊ नये. तिसरे सर्वांत महत्त्वाचे: वजन घटणे, काळा शौच, गिळताना त्रास, वारंवार वांती, किंवा उतारवयात नव्याने सुरू झालेले अपचन, यांपैकी काहीही असेल तर कोणत्याही देशाचे चूर्ण नंतर, तपासणी आधी.

आपल्या घरात, दुकानात, गादीवर बसलेले एखादे वडीलधारे माणूस रोज जेवणानंतर डबीतून चिमूटभर चूर्ण घेत असेल. आज त्यांच्यापाशी बसून एवढेच विचारावे, "हे किती दिवसांपासून घेता?" आमच्या घरी तो प्रश्न कोणी विचारला नाही.